शांततेला दहापैकी नऊ

कालव्याकाठचे बाक जागेवर नव्हते. तिने चष्मा काढून बाहीला पुसला, परत घातला, आणि पडद्यावरचं चित्र पुढच्या मिनिटाला बदलेपर्यंत तशीच बसून राहिली. चित्र बदललं. पाण्यातला ढग जरा डावीकडे गेला, एक सायकल होती ती गेली, पण बाक काही आले नाहीत. त्यांच्या जागी दगडी फरशीतून लोखंडी खुंट तेवढे वर आलेले, किडक्या दातांच्या मुळांसारखे, आणि भोवती नारिंगी जाळी. तिची पर्स अजून खांद्यालाच होती. त्या लांबच्या शहराच्या नगरपालिकेने पाण्याची पातळी बघायला एका खांबावर कॅमेरा लावलाय, त्याचं चित्र कुणालाही कुठूनही बघता येतं, आणि ताई तिकडे राहायला गेल्यापासून ऑफिसात आल्या आल्या आधी ते उघडायचं ही तिची सवय होऊन बसली होती. पण कॅमेऱ्याचं तोंड नेहमी पुलाकडे असायचं. ती आपली पाणी बघायची, आभाळ बघायची, ताईकडे आज ऊन आहे म्हणायची आणि कामाला लागायची. आज कुणीतरी काच पुसताना तो वळवला असावा. आणि काल संध्याकाळीच तर ताई फोनवर म्हणाली होती, "तू लिहिलंयस तसंच आहे गं सगळं. काम संपलं की बाकावर जाऊन बसते. लोक सरकून जागा देतात." तिने नगरपालिकेचं पान उघडलं. सूचना होती, साधी, दोन ओळींची: काठाची दुरुस्ती चालू असल्याने बाक हलवले आहेत, पुढच्या वर्षी परत बसवू. सूचनेवरची तारीख ताई तिथे पोचायच्या आधीची होती. म्हणजे ताई त्या बाकांवर कधी बसलेलीच नव्हती.

खाली चष्म्याचं दुकान आणि वर यांचं ऑफिस, दोन खोल्यांचं. ज्यांची नोकरी बॅगेत मावते अशा लोकांसाठी इथे शहरांची पानं तयार व्हायची. कामाला कॉम्प्युटर पुरतो, मग खोली कुठे का असेना, अशी माणसं जगात वाढत चालली होती, आणि त्यांना प्रश्न पडायचे: तिथे भाडं किती, इंटरनेट किती वेगाचं, बाईमाणसाला संध्याकाळी एकटीने चालता येतं का, दवाखाना लांब आहे का, हवा कशी. या सगळ्याला ती उत्तरं शोधायची. शिकलेली नव्हती ती यातलं काही. टायपिंगसाठी म्हणून आली आणि बघून बघून, विचारून विचारून या कामात मुरली. उघड्यावर असलेली माहिती वेचायची, चोरून काही घ्यायचं नाही, हा धंद्याचा नियम. बसचं वेळापत्रक, नगरपालिकेचे ठराव, भाड्याच्या जाहिराती, हवामानखात्याचे तक्ते, रहिवाशांच्या तक्रारी. या तक्रारी फार कामाच्या. माणूस कौतुक खोटं करील, कुरकुर सहसा खोटी करत नाही. अशी कितीतरी शहरं तिने लिहून काढली होती आणि त्यातल्या एकातही तिचं पाऊल पडलं नव्हतं. पण पाऊल पडलं नव्हतं असं तिला कधी वाटायचं नाही. घरी जायच्या बसची वाट बघताना तिच्या मनात भलत्याच गावची बस यायची, तिच्यात ती चढायची, आणि तिसऱ्या थांब्यावर डावीकडे औषधाचं दुकान लागणार हे तिला आधीच ठाऊक असायचं. कुठल्यातरी डोंगरातल्या गावात टोमॅटो महागले की तिचा जीव हळहळायचा. एकदा तर तिने भाजीवाल्याशी त्या गावच्या भावावरून हुज्जत घातली होती, आणि घातल्यावर तिच्या लक्षात आलं की हे गाव ते नव्हे.

साहेबांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. ऑफिसात त्यांना सगळे पुरावा म्हणत. प्रत्येक वाक्याखाली पेन टेकवून ते हळूच विचारायचे, "पुरावा?" मग तो दाखवायचा. तिच्या पहिल्या पानातले सगळे 'म्हणे' त्यांनी तांदळातल्या खड्यांसारखे वेचून बाजूला काढले होते. म्हणे म्हणजे कोण म्हणे, असं त्यांनी विचारलं होतं. ती तेव्हा मनात म्हणाली होती की आमच्या घराण्यातून 'म्हणे' काढलं तर दिवाळं निघेल, बोलायला काही उरणारच नाही. पण माणूस शिकतो. ती शिकली. आता तिच्या पानांत एक वाक्य असं नसायचं ज्याच्या पाठीशी कुणी उभं नाही. एक सोडून. कालव्याच्या शहराच्या पानावर बाकांची संख्या आणि जागा लिहून झाल्यावर तिच्या हाताने आपण होऊन पुढे लिहिलं होतं: संध्याकाळी इथे अनोळखी माणसंही सरकून जागा देतात. त्या दिवशी पुराव्याची दाढ ठणकत होती. वाक्य त्यांच्या नजरेतून सुटलं.

ते वाक्य कुठून आलं हे तिला लिहिता लिहिताच कळलं होतं, आणि कळूनही तिने ते खोडलं नाही. लहानपणी दोघी बहिणी एका खाटेवर झोपायच्या. ताई भिंतीकडे. झोपेत धाकटी हातपाय पसरायची आणि ताई सरकायची, सरकत सरकत भिंतीला चिकटायची, आणि सकाळी तिच्या दंडावर भिंतीच्या चुन्याचा पांढरा पट्टा असायचा. त्याबद्दल कुणी कधी काही बोललं नाही. ताई तो पट्टा झटकायची आणि दात घासायला जायची. पुढे आई गेली, बाबांना झटका आला, आणि तेव्हाही ताईच सरकली; एवढी सरकली की बाबांच्या खोलीतच जाऊन पोचली, आणि धाकटीला लग्न करायला, निघून जायला, मूल व्हायला, दोन खोल्यांच्या घरात नवऱ्याशी भांडायला भरपूर जागा झाली. डॉक्टर लोक बोलून ठेवतात ते कानाला लावून ऐकायचं आणि टाइप करायचं, असं घरबसल्या काम ताईने धरलं. एक कान डॉक्टरकडे, एक कान बाबांच्या श्वासाकडे. अशी वर्षं गेली. धाकटी सुट्टीच्या दिवशी फळं घेऊन जायची, बाबांच्या पायांशी बसायची, आणि त्या खोलीतली शांतता तिला इतकी गोड वाटायची की एकदोनदा तिला बसल्या जागी डुलकीसुद्धा लागली होती. कारण तिच्या स्वतःच्या घरी वरच्या मजल्यावर एक सुतार राहायचा, तो सुट्टीच्या दिवशीही रंधा मारायचा. नवरा गाडी चालवायला शिकवायच्या शाळेत मास्तर, तो झोपेतसुद्धा "ब्रेक, ब्रेक" करायचा. आणि मुलगा चालताना दारं आपटल्याशिवाय पुढे जायचा नाही. शांतता म्हणजे तिला सणासारखी. त्यामुळे बाबा गेले आणि पंधरा दिवसांनी ताई बाबांच्या कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली की आता कुठेतरी जाऊन राहावं म्हणते, काम काय कुठूनही होईल, तुला एवढी शहरं माहीत आहेत, तूच एक बघून दे, तेव्हा हिने सगळ्यात आधी शांततेचा रकाना बघितला.

तिने फार मनापासून शोधलं होतं, हे खोटं नव्हे. ताईचे गुडघे बघितले, म्हणून चढाचं गाव नको. ताईला थंडी बाधते. ताईचा पगार. एकटी बाई. जिन्याखालची खोली नको, उजेड हवा. अशी चाळणी लावत लावत कालव्याचं शहर खाली उरलं, आणि त्यातलाही कालव्याचा भाग, आवाजाच्या तक्रारी जवळपास नाहीतच, शांततेला दहापैकी नऊ. दहा ती कुणालाच द्यायची नाही. नवरा तेव्हा जेवताना म्हणाला होता की ही मागची खोली आहे की आपली, शिलाईचं मशीन आणि सायकल काढली की एका माणसाची पथारी सहज पडेल. तो सरळ माणूस, पोटात एक ओठात एक असं त्याचं नसतं. तिने त्याला ताईला मोकळं राहू दे जरा असं उत्तर दिलं, आणि ते उत्तर इतकं शहाणपणाचं होतं की तिचं तिलाच पटलं. मशीन आणि सायकल जागेवर राहिली. आता नारिंगी जाळीकडे बघताना तिला ते सगळं एका नजरेत दिसलं: घरातली एक खोली निघेना, म्हणून आपण बहिणीला आख्खं शहर काढून दिलं.

पुराव्याने मागून येऊन पडद्याकडे पाहिलं, सूचना वाचली, आणि बाकांची ओळ दुरुस्त करायला सांगितली. ती हो म्हणाली. त्यांनी पेन त्या शेवटच्या वाक्यावर नेला, इतक्या महिन्यांनी, आणि विचारलं. तिच्या ओठांवर आलं होतं की पुरावा कालच फोनवर आला, पण तिने ते गिळलं, आणि साहेब बघतो मग असं म्हणत आपल्या टेबलाकडे गेले.

तिने ओळ उघडून ठेवली आणि हात मांडीत घेऊन बसली. ताई खोटं का बोलते हे तिला कुणी सांगायला नको होतं. ताई सुखाचं खोटं बोलायची, तिला तेच खोटं येत असे. ताप असला की "अंग गरम झालंय जरा उन्हाने". उपाशी असली की "मघाशीच झालं". आणि या आठवड्याच्या शेवटी ताईची तीन महिन्यांची मुदत संपत होती. त्या शहराचा नियम असा, की त्यानंतर खोली ठेवायची तर वर्षाचा करार, नाहीतर खाली करायची. हे ताईने सांगितलं नव्हतं, हे तिनेच पानावर लिहिलेलं होतं. ताई सही करणार. तू लिहिलंयस तसंच आहे म्हणत सही करणार आणि वर्षभर त्या उजेडाच्या, सपाटीवरच्या, निवांत खोलीत भिंतीला चिकटून राहणार. तिला आता एक विचित्र गोष्ट जाणवली, की ताईबद्दल तिला जे माहीत आहे ते सगळं उघड्यावरचं आहे. ताईकडे आज तापमान किती. बस वेळेवर आहेत का. कालव्याचं पाणी किती. ताईच्या गल्लीतल्या दुकानात पाव केवढ्याला. याहून आत तिला काही माहीत नव्हतं. ताई सकाळी उठल्यावर आधी कुणीकडे तोंड करते, कुणाशी बोलते, बोलते का. आणि नुसतं आत्ताचंच नव्हे. बाबांच्या त्या वर्षांतही ती फळं ठेवायची, औषधांच्या वेळा विचारायची, आणि उठायची. बहिणीचंही तिने एक पान तयार केलं होतं. कष्टाळू. समाधानी. तक्रारी नाहीत. पडद्यावर मिनिट बदललं आणि जाळीच्या कडेने गडद कोटातली कुणीतरी बाई चालत आली, बोटभर उंचीची, चेहरा म्हणजे नुसता एक फिकट ठिपका. ती खुर्चीतून पुढे झुकली. पुढच्या मिनिटाला ती बाई तिथे नव्हती. ती ताई असती तर काय केलं असतं, हात हलवला असता? तिला वाटलं, आपण हात हलवला असता. त्या ठिपक्याला हात हलवला असता, आणि ताई मान खाली घालून तशीच पुढे गेली असती.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता जिन्यात गेली. खालच्या दुकानात कुणीतरी डोळे तपासून घेत होतं आणि भिंतीवरची अक्षरं मोठ्याने वाचत होतं. शेवटच्या ओळीला अडखळायचं, परत वरून सुरू करायचं. ताईने पहिल्याच घंटीला फोन उचलला आणि जेवलीस का विचारलं. तिने बोलायचं ठरवून ठेवलेलं सगळं विसरून सरळ सांगितलं.

"ताई, बाक नाहीयेत तिथे. तू जायच्या आधीच काढलेत."

पलीकडे ताई हसली. अगदी आतून, पूर्वी स्वयंपाकघरात दूध उतू गेलं की हसायची तशी. "मग मी इतके दिवस बसत कशावर होते गं?"

तिला हसू आलं नाही. "तू परत ये," ती म्हणाली. "माझ्याकडे. ती मागची खोली मी आजच मोकळी करते. मशीन विकून टाकते. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. आता म्हणते. ये."

ती बोलायची थांबली. आणि फोनमधून काहीतरी ऐकू येत होतं, मघापासूनच येत होतं, पण तिचं ध्यान नव्हतं. काहीतरी मोठं, जड, घरघरणारं; त्यावर एक शिट्टी. हा आवाज कालव्याच्या भागातला असणं शक्य नव्हतं. तिथे असा आवाज होत नाही. तिने तक्रारी वाचल्या होत्या.

"तू कुठे आहेस?"

मग ताईने सांगितलं, थांबत थांबत, कपड्यांच्या घड्या घालाव्यात तशी एकेक गोष्ट खाली ठेवत. कालव्यावरची खोली तिने तिसऱ्याच आठवड्यात सोडली होती. छान होती खोली. उजेड होता, म्हटल्याप्रमाणे. पण शांत होती. इतकी, की चमचा बशीत ठेवला तरी तिला दचकायला व्हायचं. काम करताना कानातला डॉक्टर बोलायचा थांबला की तिचा दुसरा कान आपोआप भिंतीपलीकडे जायचा, श्वास ऐकायला. श्वास नसायचा. मग ती उठायची, दारापर्यंत जायची, आणि दारात उभी राहिल्यावर तिला आठवायचं.

"किती गुण दिलेले तू तिथल्या शांततेला?" ताईने विचारलं.

"नऊ."

"दहापैकी?"

"हो."

"बाबांच्या खोलीला किती दिले असतेस?"

त्यात टोचणी नव्हती. ताईला खरंच जाणून घ्यायचं असावं. जिन्यात उभ्या उभ्या तिला ती खोली दिसली, पायांशी ठेवलेली फळं, पडद्यातून आलेला उजेड, खुर्चीत डुलकी घेणारी ती स्वतः. आणि पहिल्यांदाच, त्या खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, कानाला यंत्र लावून बसलेली ताई, टाइप करता करता मधेच बोटं थांबवून मान किंचित वर करणारी. ती मान शेकडो वेळा वर झालेली होती. तिच्याइतक्या जवळ बसलेल्या कुणालाही ती दिसली असती.

मग एका दुपारी, ताई सांगत होती, समोर आली त्या बसमध्ये बसले आणि उतरलेच नाही. शेवटचा थांबा आगाराचा. "तू लिहिलंयस ना, तो भाग टाळलेला बरा म्हणून? तोच." पहाटेपासून गाड्या, धुणं, हवा भरणं, आरडाओरडा. टायरच्या दुकानावर खोली. शेजारच्या खोलीत एक केस कापणारी बाई राहते, चूल दोघींत एक. भाषा एकमेकींची येत नाही, पण ती भिंतीतूनसुद्धा बोलते, आणि मध्यंतरी ताईचे केस तिने न विचारताच कापून टाकले, बरे दिसतात. ताईला तिथे पहिल्याच रात्री झोप लागली, ती सकाळी उन्हं अंगावर येईपर्यंत.

"रात्रभर कुणी ना कुणी जागं असतं गं इथे," ताई म्हणाली. "मी नसले तरी चालतं."

खालचा माणूस शेवटच्या ओळीशी पुन्हा अडखळला. तिने विचारलं की मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस, कालपर्यंत बाकांच्या गोष्टी कशाला सांगत बसलीस. ताई म्हणाली, तू एवढ्या मायेने शोधून दिलेलं, नावं कशी ठेवू. आणि थोड्या वेळाने, आवाज खाली आणून: सांगितलं असतं तर तू 'ये' म्हणाली असतीस.

"मग?"

"मग मी आले असते. मला कुठे कुणाला नाही म्हणता येतं." पलीकडे एक गाडी मागे येत होती, तिला कुणीतरी ओरडून वाट दाखवत होतं. ताईने ती पूर्ण मागे येऊ दिली. "आज म्हणालीस. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. पण मी नाही येत."

शब्द तिने थंड पाण्यात पाऊल घालावं तसे उच्चारले होते, आणि मग बहुधा तिचं तिलाच नवल वाटलं असावं, कारण ती पुन्हा म्हणाली, या खेपेला जरा मोठ्याने, "नाही येत गं मी."

धाकटीला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाज वाटली. आणि दोन्हींच्या खाली, अगदी तळाला, थोडा रागही होता, लहान मुलाला येतो तसला, आपण दिलेली वस्तू कुणी परत केल्यावर. तो राग तिला आवडला. इतक्या वर्षांत ताईने तिला रागवायला काही दिलंच नव्हतं. ती काहीतरी बोलणार तेवढ्यात पलीकडे कुणीतरी हाक मारली. बाईचा आवाज, घोगरा, हसरा. हाक ताईलाच होती, पण जे नाव घेतलं ते तिच्या ओळखीचं नव्हतं. ताईला तसं कुणी कधी म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. आणि ताईने त्या नावाला ओ दिली. ठेवू नकोस, आलेच, असं हिला सांगून तिने फोन बहुधा खिडकीत ठेवला, कारण एकदम सगळं उघडं झालं: इंजिनं, पाण्याचा फवारा, पत्र्यावर पडलेलं काहीतरी, कुणाचं भांडण की गाणं कळू नये असं काही, आणि त्याच्या पलीकडे, आत कुठेतरी, दोन बायका एकाच वेळी बोलत होत्या.

पुराव्याने जिन्याच्या दारातून डोकं काढलं. बाकांची ओळ अजून तशीच होती. ते काही विचारणार, तोच तिने फोन त्यांच्याकडे धरला. ते बिचारे गोंधळले, पण वाकले, कान लावला, आणि बराच वेळ तसेच राहिले.

"कुठलं शहर हे?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि फोन परत आपल्या कानाला लावला.